जावईबापूंच्या उतरण्याच्या दाखल्याबाबत

मुक्काम निरवांगी, ता. इंदापूर
सोमवार, १९ एप्रिल १९९९

वडगाव निंबाळकर मुक्कामी राजमान्य व्याही मोहनराव यांस,

सावळारामाचा मनापासून रामराम. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, निदान जमिनीवर राहणारे तरी. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात उजवा होता. दोन्ही असतील तर दोन्हींची चौकशी समजावी.) विहीणबाईंचा दमा उन्हाळ्यात बसला असेल. तुमच्या जर्सी गाईला कालवड झाल्याचं कळलं, आनंद वाटला. पत्राला कारण एकच, तुमचे चिरंजीव आणि आमचे जावई इंद्रजितराव. हात माझा चालतोय, पण समोर आमची मंडळी कुशाबाई तांदूळ निवडत बसली आहे आणि लिहून झालं की छकुली वाचून बघणार आहे. तेव्हा यात जे कडक वाटेल ते त्या मायलेकींचं समजा आणि मऊ लागेल ते माझं.

सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी क्रमाने सांगतो. पाटबंधारे खात्यात सत्तावीस वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला मागचा संदर्भ दिल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही. छकुली बाळंतपणाला आली डिसेंबरात. सव्वीस जानेवारीला नात झाली. सात फेब्रुवारीला बारसं ठरलं आणि जावईबापूंच्या मनात आलं की सगळे पाहुणे जमलेले असताना आपण थेट आभाळातून मांडवापुढे उतरावं. खिशात लेकीचे चांदीचे वाळे टाकले, तुमच्या माळावर ती उडायची छत्री (पॅराग्लायडर म्हणतात म्हणे) पसरली, आणि जीपला हजार मीटर दोर बांधून पोरांनी त्यांना पतंगासारखं वर ओढलं. (तुम्ही तिथेच उभे होतात म्हणे. अडवलं का नाहीत, हे कुशाबाई विचारते आहे. मी नाही.) निरवांगी पूर्वेला. वारंही त्या दिवशी पूर्वेकडूनच आलं आणि जावईबापूंना घेऊन पश्चिमेला गेलं. ते उतरले कोऱ्हाळे बुद्रुकला, अकरा फुटी उभ्या उसात. उसातून बाहेर यायलाच दीड तास लागला. इथे पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या संपल्या होत्या, आणि तोंडभर उसाच्या पाल्याचे ओरखडे घेतलेल्या बापाकडे बघून बाळाने भोकाड पसरलं.

छकुली तेव्हा एकच वाक्य बोलली, "उडायचं सोडा, मंग मला न्यायला या." जावईबापूंनी ते खाली पडू दिलं नाही. म्हणाले, "एकदा उडत तुझ्या दारात येतो. मंग सोडायचं का न्हाय ते तू सांग." त्यावर पोरगी म्हणाली, "उडत आल्याचा कागद दाखवा, त्याच दिवशी पेटी भरते." कागद मागायचं कारण असं की जावईबापूंच्या बोलण्यात सगळं 'जवळजवळ' झालेलं असतं. लग्नाआधी नोकरीही जवळजवळ कायम होती. दोघंही शब्दाचे पक्के, त्यामुळे बारशाला अडीच महिने होत आले तरी तुमची सून आणि नात इथे आणि तुमचा मुलगा तिथे, असा संसार मध्येच अडकून बसला.

मग मार्चात पुण्याच्या छत्रीवाल्या मंडळींनी तुमच्या माळावर मैत्रीची स्पर्धा भरवली. चार रविवार, बारा उडणारे. एक जाणता, एक शिकाऊ अशी जोडी, आणि पुढे गेलेल्याने वर घिरट्या घालत मागच्यासाठी थांबायचं, कारण गुण दोघांचे मिळून. आपल्या जावईबापूंच्या वाट्याला विकी नावाचा पोरगा आला. कानात बाळी आहे, पण शिकवतो मनापासून. संध्याकाळी सगळे गोल बसतात आणि ज्याने त्याने आज आपलं काय चुकलं ते सगळ्यांदेखत सांगायचं. ज्याची कबुली सर्वांत खरी, त्याला नारळ. हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांत मी एकही चूक मोठ्याने सांगितली नाही, कुणी नारळ दिला असता तरीही.

पहिल्या रविवारी विकीने शिकवलं की घार जिथे पंख न हलवता फिरते तिथे गरम हवा वर चढत असते, तिच्या मागे जावं. जावईबापू आज्ञाधारक. घारीच्या मागे निघाले ते थेट बारामतीत मटणाच्या दुकानांवर आले. घार मटणासाठी खाली उतरली, तिच्यामागे हेही उतरले. खाटीक मंडळींनी चहा पाजला. दुसऱ्या रविवारी नवा धडा: शेतात पाचट पेटवलं असेल तर धुराबरोबर वर चढता येतं. चढले, भरपूर चढले, आणि दुसऱ्या बाजूने चूल सारवल्यासारखं तोंड घेऊन कालव्याकाठी एका वस्तीवर उतरले. तिथल्या छबूबाई नावाच्या म्हातारीने आधी दार लावून घेतलं आणि फटीतून विचारलं, "कुनाचा रं तू?" वडगावच्या मोहनरावांचा म्हटल्यावर दार उघडलं, आंघोळीला गरम पाणी दिलं आणि तुमचा गुडघाही विचारला. (उजवाच.) तिसऱ्या रविवारी विकीने त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. चार किलो वाढले होते. त्याचं काय झालं, दर रविवारी हरले की ते जीपमधून इथे हकिगत सांगायला यायचे, आणि उडण्यावर कितीही राग असला तरी कुशाबाई जावयाला पुरणपोळीशिवाय उठू देत नाही. छत्रीला पेलेल तेवढंच वजन चालतं म्हणे. पाच किलोमीटरवर उतरले. कुशाबाईचं म्हणणं, जड झाले तर बरंच आहे.

पण मोहनराव, पोरगा शिकत होता हो. आधी आभाळात गेले की लगेच पुढे धावायचे आणि धाडकन खाली. विकीने एकच गोष्ट घोकून घेतली: हवा देईल तेवढं घ्यायचं, उरलेल्यासाठी तिथेच फिरत थांबायचं. ज्याला एसटीसाठी थांबणं जमलं नाही तो माणूस एका जागी वीस वीस मिनिटं गोल फिरायला शिकला. मी हे सगळं नाक मुरडून ऐकायचो. (आणि दर रविवारी दुपारी डोक्याला पंचा बांधून घराच्या धाब्यावर चढून पश्चिमेकडे बघत बसायचो. मान अजून आखडलेली आहे. हे मायलेकींना माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.)

चार एप्रिल, शेवटचा रविवार. नेमक्या मायलेकी बाळाला घेऊन इंदापूरला लग्नाला गेलेल्या. साडेतीनच्या सुमाराला मला आधी एक ठिपका दिसला, मग दोन. पुढचा विकी. तो आमच्या डोक्यावर बराच वेळ घिरट्या घालत मागच्यासाठी थांबला, मग नीरा ओलांडून माळशिरसाच्या अंगाला गेला. आणि मागचा ठिपका मोठा होत होत नारंगी झाला. मी धाब्यावरून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारची साखरबाई सांगते की मी "आलं, आलं, माझं पोरगं आलं" असं ओरडत होतो. ते माझ्या लसूणघासाच्या वाफ्यात, अगदी दोन्ही पायांवर उतरले. म्हशीने दावं तोडलं. सगळं गाव धावलं. आणि उतरल्यावर पहिलं काम छत्री आवरायचं असतं, तर साखरबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे उभी, "थांबा दाजी, आधी ववाळू द्या. लांबून आलाय, काय काय लागलं असंल वरचं." जावईबापू थांबले, पण छत्रीत वारं भरलं आणि ती त्यांना मागे मागे ओढू लागली. साखरबाई तुकडा फिरवत त्यांच्या पाठोपाठ, अशी ओवाळणी माझ्या वाफ्यापासून पार ओढ्यापर्यंत झाली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

आता दाखल्याचं. उतरल्या जागी दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक छापील कागद भरून घ्यावा लागतो. सही, नाव, गाव, आणि शेवटचा रकाना: 'वैमानिकाशी नाते (नसल्यास कोरे ठेवावे)'. कागद माझ्या हातात आला हे दुर्दैव. कोरा रकाना मला बघवत नाही. खात्यात कोऱ्या रकान्यामुळे अर्ज परत आलेले मी हजारदा पाहिलेत. मी लसूणघासाच्या बांधावर बसलो आणि सगळ्यांना बजावलं, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. दोन सह्या हव्या होत्या, एकतीस झाल्या. कुणी 'जावई' लिहिलं, कुणी 'दाजी', कुणी 'गावच्या लेकीचे मालक'. माळशिरसाकडचा एक गारीगारवाला सायकल घेऊन उभा होता, त्याचा कुणाशीच संबंध नाही, पण गावाचं बघून त्यानेही 'पाव्हणे' असं घातलं. पलीकडच्या बांधावरून निवृत्त हेडमास्तर साहेबराव आणि त्यांच्या पुतळाबाई हात हलवत होत्या, पण ते ओढा ओलांडून येईपर्यंत कागदावर जागा उरली नव्हती.

संध्याकाळी छकुली आली. नवरा ओसरीत जेवतोय हे पाहून म्हणाली, "मोटरसायकल कुठं लपवलीया?" कागद दाखवला. तिने एकतीस नावं वाचली आणि म्हणाली, पुण्याच्या लोकांनी मान्य केला की मी मान्य करीन. आठ दिवसांनी पुण्याच्या लोकांचं पत्र आलं. नातेवाइकांची साक्ष चालत नाही, सबब उड्डाण नामंजूर. तीस एप्रिलच्या आत नाते नसलेल्या दोन साक्षीदारांचा नवा कागद आल्यास फेरविचार होईल. नमुना सोबत जोडला आहे. मोहनराव, मी हा नमुना घेऊन गावभर हिंडलो. इंद्रजितराव आमचे कुणी नव्हेत असं लिहून द्यायला चारशे उंबऱ्यांत एक माणूस तयार होईना. साखरबाईने तर मलाच झापलं.

तेव्हा आमचं सर्वांचं (वरच्या क्रमाने: कुशाबाई, छकुली, मी) असं म्हणणं आहे की दाखला काही मिळत नाही. आपण वडील या नात्याने चिरंजीवांची समजूत घालावी, छत्री माळ्यावर टाकायला लावावी, आणि मग त्यांनी रीतसर न्यायला यावं. विहीणबाईंना नमस्कार, कालवडीला आंबोण. लोभ आहेच, तो गुडघ्यांसकट सांभाळावा.

आपला,
सावळाराम

ता. क. छत्रीबद्दलचं वाक्य कुशाबाईने मला दोनदा वाचायला लावलं. म्हणून मी ते तुम्हाला एकदाच वाचा म्हणतो.

ता. क. दुसरा. (मायलेकींचं वाचून झालं. आता गोठ्यात बसून लिहितोय.) गावभर हिंडलो हे खरं, कुणी मिळेना हे खोटं. गुरुवारी साहेबराव स्वतः आले. नमुना मागून घेतला, स्वतः सही केली, पुतळाबाईंची घेतली, शेवटचा रकाना कोरा ठेवला. मी म्हटलं, गुरुजी, छकुली तुमच्या हाताखाली शिकली, नातं नाही कसं? म्हणाले, "न्हाय असं मी कुठं लिवलंय? कोरं ठेवलंय. पोरीचा संसार हाय, सावळारामराव, धाडून द्या." तो कागद चार दिवस माझ्या कोटाच्या खिशात आहे. रोज सकाळी टपालात टाकायला निघतो आणि नात अंगठा धरते. मंजूर झाला की पोरगी त्याच दिवशी पेटी भरील, शब्दाची पक्की आहे. घर आता कुठे भरल्यासारखं वाटायला लागलं होतं. चूक माझी आहे, सगळ्यांदेखत सांगायचं धाडस नाही म्हणून तुम्हाला सांगतो. विनंती अशी की येत्या रविवारी तुम्ही स्वतः या आणि मुलगी मागा. तुम्ही दारात उभं राहून मागितलंत तर माझ्याने नाही म्हणवणार नाही. आणि छत्री माळ्यावर टाकू नका. पोरगा फार छान उतरला हो.

ता. क. तिसरा. मामंजी, नमस्कार. मी छकुली. आबांनी पाकीट खळीने चिकटवून टाकायला माझ्याच हातात दिलं. खळ ओली असली की उघडतं. तो कागद मला शुक्रवारीच सापडला होता, आबांचा कोट धुवायला काढताना. होता तसा परत ठेवला. यांना सांगा, मी येतेय, आणि उडणंही बंद नको, फक्त आम्हाला न्यायला जीप आणा, बाळाचं सामान फार झालंय. पण मामंजी, येत्या रविवारी नका येऊ, त्याच्या पुढच्या रविवारी या. आबांना अजून आठ दिवस हवे आहेत आणि ते मागणार नाहीत.