जवळच्याला दे

प्रिय श्यामल,

वड्या पोचल्या म्हणे. कलावतीचा भाऊ टोरांटोला निघालाय हे मंडळाच्या ग्रुपवर वाचलं आणि मी डबा घेऊन अल हैलहून थेट वादी कबीर गाठलं, त्याच्या बॅगेत अर्ध्या किलोची जागा मागून घेतली. इथून, ओमानहून, कोणी निघालं की सगळ्याजणी अशाच तुटून पडतो, तुला माहीत आहे. आणि तुझ्या लाडक्या भाच्याने फोनवर काय सांगावं? आई, मस्त आहेत, पण मावशीच्या जास्त सॉफ्ट असतात. अगं, तुला नारळाच्या वड्या शिकवल्या कोणी? मी! तुझ्या पहिल्या वड्या तर आपण उलथण्याने खरवडून काढल्या होत्या. फोनवर हसले मी, पण नंतर पातेलं इतकं घासलं की ह्यांनी आत येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. हॉस्टेल सोडून स्वरूप तुमच्याकडे राहायला आला तेव्हा मीच सगळ्यांना सांगत फिरले, सख्खी मावशी आहे, काळजी मिटली. काळजी मिटली आणि पोरगाही गेला. तुला मूल नाही, तर मी देवाकडे तुझ्यासाठी किती मागितलं. पण माझाच उचलून तिला दे, असं नव्हतं गं मागितलं. वाईट वाटलं ना वाचून? वाटू दे. मला तर रोजच वाटतं.

त्याला बोलायला विषय एकच, तुमच्या गावची ती फुटबॉलची टीम. आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. मग मीही शिकले. शुक्रवारी सकाळी हे कुरुमला सामान आणायला गेले की मी लॅपटॉपवर झालेल्या मॅचेस बघत बसते. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं कळलं. मग ब्लिट्झही कळला. समोरचे गडी बाकी सगळं सोडून चेंडू फेकणाऱ्याच्याच अंगावर धावून येतात. तुमचा तो क्वार्टरबॅक नेमका तिथेच गडबडतो. अंगावर धिप्पाड माणसं येतायत आणि हा आपला लांबवर हात वर करून पळणाऱ्याला शोधतोय. तोवर त्याला आडवा करतात. दर मॅचला तेच रडगाणं. मी एकटीच घरात ओरडते, अरे मेल्या, जवळच्याला दे ना! शेजारची आफरीन एकदा घाबरून बेल वाजवून गेली. हा माझा शोध मी स्वरूपला सांगायला आठवडाभर जपून ठेवला होता. सांगितला, तर म्हणाला, हो आई, मावशी पण सेम हेच बोलते. खलास! त्या दिवशी मीच आधी फोन ठेवला.

परवाची मॅच मी लाइव्ह बघितली. हरले असते तर सीझनच संपला असता. ब्लिट्झ आला, आणि ह्या वेळी त्या पोराने लांब बघितलंच नाही. दोन पावलांवरच्या गड्याकडे चेंडू टाकला आणि तो गडी जो सुटला! पुढेही तसंच खेळले आणि जिंकले. मी फोन हातात घेऊन बसले, आता येईलच स्वरूपचा. आला तो तुझा व्हिडिओ, स्टेडियममधला, तुझ्या उत्तमरावांनी काढलेला. आजूबाजूला सगळे नाचतायत आणि माझा मुलगा तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय. एका हाताने तू त्याची पाठ थोपटतेयस, दुसऱ्या हातात कॉफीचा कप, सांडू नये म्हणून लांब धरलेला. खाली लिहिलं होतंस, वेडाच आहे तुझा मुलगा, जिंकल्यावर कोणी रडतं का.

नाहीच रडत कोणी. आणि हा तर मुळीच नाही. शाळेत असताना यासिरच्या घरचे ओमान सोडून कायमचे गेले, ह्याचा तो जिवलग, तेव्हा विमानतळावर हा हसून टाटा करत होता. मग काही दिवसांनी हातातलं आइस्क्रीम जमिनीवर पडलं आणि असा रडला की माझी ओढणी भिजली. आत काही साठलं की भलत्याच निमित्ताने फुटतो तो. तुला विचारलं तर किती पटकन म्हणालीस, काही नाही गं ताई. म्हणजे काहीतरी आहे, आणि ते तुला माहीत आहे.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर मी ओरडले असते आणि तू पुन्हा काही नाही म्हणाली असतीस. काय झालंय ते मला सांगू नकोस. सांगायचं तेव्हा तोच सांगेल. चारी बाजूंनी काहीतरी अंगावर आलंय त्याच्या, आणि त्याने जवळच्याला दिलं. मीच ओरडत होते ना तसं? बरोबर केलं त्याने. पण लांबवर हात वर करून पळणारी ती मी आहे गं, श्यामल, आणि माझा नुसता जळफळाट होतो. माझ्यासाठी एवढंच कर. पुढच्या वेळी तो असा रडला तर तो कप खाली ठेव. सांडला तर सांडू दे. दोन्ही हातांनी धर त्याला.

तुझीच,
मंगलताई