पाळण्यावरून कुणी पडत नाही

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! ड्राय फोर्क गावाच्या पुढे रस्ता कच्चा, गाडीच्या काचेवर बोटभर धूळ. पण शेवटचं वळण संपलं, सगळे दगड एकदम समोर आले आणि मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले. तांबूस, गोलसर, रवंथ करत बसलेल्या गुरांसारखे दगड. मधूनमधून जोशुआची काटेरी झाडं. वारा पडला की कानात स्वतःचंच रक्त वाजतं, इतकी शांतता.

या चढाईच्या शाळेचे मालक हॉलिस क्रॅबट्री सत्तरीचे, वाळक्या शेंगेसारखे. समोर बीन्सची वाटी ठेवत म्हणाले, इथे शूरवीर येत नाहीत बाई, घाबरट माणसं येतात. दोर नाही, खिळे नाहीत. माणसाच्या दुप्पट उंचीचा दगड, खाली जाड गादी, आणि पडणाऱ्याला सावरायला मागे हात पसरून तू. मी म्हटलं, शहरातल्या चढाईच्या प्लॅस्टिकच्या भिंतीवर आयुष्यभर हेच तर केलं. ती भिंत बंद पडली, आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. त्यावर ते खो खो हसले. म्हणाले, म्हणजे पडायची सोय कायम आहे!

माझ्याआधीचा शिक्षक, ट्रेंट, उन्हाळ्यात न सांगताच निघून गेला म्हणे. राहायला ट्रेलर दिलाय. खिडकीतून फक्त आकाश. मला आणखी काय हवं?

६ ऑक्टोबर
पहिली तुकडी. सगळ्यांना आधी ‘पाळण्या’वर नेलं. मधोमध खोलगट असा हा दगड, नवशिक्यांसाठीच घडवल्यासारखा. हात वर केला की खोबण सापडते, पाय उचलला की पायाखाली कंगोरा.

बर्डी लगेच माझ्या मनात भरली. नाव रॉबर्टा, पण तसं कुणी हाक मारत नाही. जन्मभर शाळेची बस चालवली, आता विधवा. मुलींनी वाढदिवसाची भेट म्हणून इथे पाठवलं. म्हणाली, म्हातारीला दगडावर चढवतायत, पोरींना घर विकायची घाई झालेली दिसतेय. तिची हिरव्या खड्याची अंगठी काढायला सांगितली, कारण चढताना अंगठी अडकली तर बोट जातं. पण ती सांध्यावरून निघेचना. हॉलिस म्हणाले, राहू दे, पाळण्यावर कुणाला काही होत नाही.

खरंच कुणी पडलं नाही. बर्डी वर पोचली आणि टाळ्या वाजवायला लागली. खाली उतरल्यावर माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, पोरी, नवरा गेल्यापासून आज पहिल्यांदा कशाला तरी घट्ट धरलं.

९ ऑक्टोबर
बर्डी आणखी आठवडाभर राहणार. माझ्याच शेजारच्या ट्रेलरमध्ये. सकाळी पायरीवर बसून आम्ही कॉफी पितो. ती मला बसमधल्या पोरांच्या गोष्टी सांगते आणि माझ्या कॉफीला डांबर म्हणते.

एक गोष्ट मात्र नवलाची आहे. हा दगड कानशीसारखा खरखरीत. नवख्यांची बोटं दुसऱ्या दिवशी सोलली जायला हवीत. इथे कुणाच्या बोटाला ओरखडा नाही. आज मुद्दामच पाय सोडून बघितले. मी लोंबकळले, पडले नाही. हात सोडायलाही क्षणभर उशीर झाला. कुणी आपुलकीने हात हातात घेतो आणि बोलता बोलता सोडायचं विसरतो, तसं.

हवा कोरडी आहे, म्हणून असेल.

१२ ऑक्टोबर
आज सुट्टी. एकटीच पाळण्याजवळ बसले होते. इतर दगडांतल्या खोबणी ओबडधोबड आहेत. पाळण्याच्या सगळ्या आतून गुळगुळीत. एकीत तर चार बोटांच्या चार खाचा, अंगठ्याची वेगळी. हॉलिसना विचारलं. म्हणाले, वारा आणि वाळू काय वाटेल ते कोरतात. वर म्हणाले, शिकवायचं बघ, भूगर्भशास्त्र नको.

पेट्रोल भरायला गावात गेले. गल्ल्यावरच्या बाईने कौतुकाने सांगितलं की सगळं ड्राय फोर्क पाळण्यावरच चढायला शिकलं, ती, तिची आई, तिची पोरं. कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तसं अधूनमधून कुणीतरी नाहीसं होतं, पण वाळवंटात माणूस टिकतो कुठे, म्हणाली. आणि सुटे पैसे हातावर ठेवले.

१५ ऑक्टोबर
आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी बर्डी पाळण्यावर चढत होती. नुकतेच पाय उचलले होते, जमिनीपासून वीतभरही नाही. हसत म्हणाली, पोरी, हा बाबा सोडत नाही बघ. मला थट्टाच वाटली. मग तिने पाय खाली टेकवले, आणि हात वरच राहिले. मनगटापर्यंत दगडात. कणकेत जावेत तसे.

मी कंबरेला मिठी मारून ओढलं. तिला दुखत नव्हतं. तीच मला समजावत होती. मी हॉलिसला हाक मारली. तो मागे उभा होता, आणि त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. अंत्यविधीला धरतात तशी. तेव्हा कळलं. त्याला माहीत होतं.

बर्डी म्हणाली, लोर्ना, रडायचं नंतर. आधी जा, कुणाला तरी घेऊन ये. भरलेल्या बसला गप्प बसवणारा आवाज. मी पळाले. हायवेपर्यंत फोनला रेंज नाही.

पोलिसाला घेऊन आले तेव्हा दगड स्वच्छ. ट्रेलर रिकामा, बॅगही नाही. हॉलिसने सांगितलं, बर्डीला तिची मुलगी येऊन घेऊन गेली. पोलिसाने पाळण्यावर तळवा फिरवला, लहानपणी आपण इथेच शिकलो म्हणाला, आणि मला विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलीस? जाताना बीन्सचा डबा घेऊन गेला.

हायवेवर जाऊन बर्डीच्या मुलीला फोन केला. म्हणाली, आई ना? तिचं असंच असतं. फिरून कंटाळली की येईल घरी.

१७ ऑक्टोबर
सामान गाडीत भरलं. शेवटचं म्हणून पाळण्याकडे गेले.

दोन नव्या खोबणी आहेत. डावीत अंगठीची खाच, खड्यासकट.

मी उजवीत हात घातला. आत ऊब होती. आणि माझी बोटं कुणीतरी दाबली.

सामान परत उतरवलं.

१८ ऑक्टोबर
हॉलिसला जाब विचारला. त्याने काही नाकारलं नाही. त्याची बायको पण आत आहे, उत्तरेकडच्या खालच्या खोबणीत. रोज दुपारी तो तिच्यापाशी बसतो. ट्रेंटही आत आहे. म्हणाला, अधूनमधून कुणीतरी आत जातं. दुखत नाही गं. आणि त्या बदल्यात बाकी सगळ्यांना हा दगड कसा सांभाळतो बघ. मी ओरडले, मग माणसं आणतोस कशाला? बंद कर. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, माणसं आली नाहीत की तिचा हात गार पडतो.

मी त्याला मारायला हवं होतं. मी बर्डीचा हात बघायला गेले.

२० ऑक्टोबर
हात गार होता. नुसता दगड.

दुपारी तुकडी आली. कॉलेजच्या मुली, खिदळणाऱ्या. त्यांना हाकलून द्यायचं ठरवून बाहेर आले.

आणि गाद्या पसरल्या.

सगळ्या जणी चढल्या. एक म्हणाली, ही अंगठीवाली खोबण किती छान आहे, अगदी हातात बसते. संध्याकाळी बर्डीचा हात ऊबदार होता. कुणालाही काही झालं नाही — असं मी स्वतःला सांगतेय. हॉलिसने मला बीन्स वाढल्या. मी खाल्ल्या.

२२ ऑक्टोबर
आता दिवसभर तिथेच. तिची बोटं सारखी हलतात. दाबतात, थांबतात, जोरात दाबतात. मी बोलत राहते. कॉफीबद्दल, बसबद्दल. मी आहे, म्हणते. कुठे जात नाही.

आज नखं लागली. इतकं घट्ट धरू नकोस, म्हटलं.

२३ ऑक्टोबर
उजवा हात निघत नाही. डाव्याने लिहितेय, वही दगडाला टेकवून. दुखत नाही. तेवढं खरं सांगत होता तो.

बर्डी — आत तिची बोटं माझ्या तळव्याला — सगळ्या ताकदीने — बाहेरच्या बाजूला

ती मला धरत नव्हती. पहिल्या दिवसापासून ढकलत होती. जा म्हणत होती. आणि मी मूर्ख —

आता ढकलत नाही. दमली. बोटं तशीच पडलीयत.

कोपरापर्यंत.

गाडी आली. एक बाई उतरली, तिच्याबरोबर म्हातारा बाप. मला बघून तिने हात हलवला. ओरडायला हवं — आवाजच — हॉलिस त्यांना इकडेच आणतोय. सांगतोय, त्या आमच्या शिकवणाऱ्या बाई. घाबरू नका, त्यांच्या शेजारी उभे राहा, हात वर करा, आणि बघा किती सहज