काळी मिरी येईपर्यंत

३ फेब्रुवारी, शनिवार
ही बहिणीकडे जाऊन आज अठरा दिवस. काळजीचं कारण नाही, चेंज म्हणून गेली आहे. जाताना म्हणाली, बावीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, पण कसं झालंय ते एकदाही बोलला नाहीत. म्हणजे प्रॉब्लेम चवीचा आहे. चव शिकता येते. वाइन टेस्टिंगच्या क्लासला नाव नोंदवलं. दर शनिवारी दुपारी दोन वाजता, वाइनच्या दुकानाच्या माळ्यावर.

१० फेब्रुवारी, शनिवार
पहिला क्लास. ऑस्ट्रेलियन शिराझ. शिकवणारे सर ग्लासात नाक पार आत घालतात, म्हणून मनातल्या मनात त्यांना पाणबुडे सर म्हणतो. म्हणाले, ही दमदार, भरल्या अंगाची वाइन. पिकलेलं काळं प्लम, चॉकलेट, काळी मिरी, मागून ओकच्या लाकडाचा धूर. सगळ्यांना सगळं आलं. मला थिनरचा वास आला. रंगाच्या दुकानात उभा जन्म गेला. हा नाकाचा अनुभव आहे, दोष नव्हे. रंग मात्र मी चटकन सांगितला: शेडकार्डावरचा ४१२, डीप मरून. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. इम्प्रेस झाले असावेत.
घोट थुंकायचा असतो. मी गिळला. हिरड्या आवळल्या, जीभ खरखरीत झाली. ह्याला टॅनिन म्हणतात.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: रोज सकाळी नाकाचा व्यायाम. डोळे मिटून डबे ओळखायचे. मिरी म्हणून हुंगली ती चहाची पावडर निघाली. हिने डब्यांना लेबलं लावलेली नाहीत.

१७ फेब्रुवारी, शनिवार
क्लासला दांडी. सर्दी. सर्दीत प्रगती दिसत नाही.
मेहुणीला फोन केला. म्हणाली, ताई धड जेवत नाही. मी म्हटलं, शिराझबरोबर काय खावं ते शिकतोय, तिला सांग. कुकर लावायचाय म्हणून तिने फोन ठेवला. कामात असते बिचारी.

२४ फेब्रुवारी, शनिवार
सर म्हणाले, घाई नको. डोळे मिटा, सगळं विसरा, वास आपणहून वर येतो. मला अगदी हलकी मिरी आली. किंवा येणार होती.
बाटली घेऊन आलो. हिला मेसेज: पुढच्या शनिवारी पाचला ये, सरप्राइज. उत्तर आलं: येते. मलाही बोलायचंय. एरवी नुसतं 'बरं' असतं. चिन्हं चांगली आहेत.

२ मार्च, शनिवार, सायंकाळी ७
आली. वाळली आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा मी ग्लास पुसत होतो.
पंचवीस मिनिटं रंग, अंग, टॅनिन समजावलं. तिने घोटभर घेतली. म्हणाली, तुरट आहे, पण मागून गोड लागतं. मी म्हटलं, गोड नव्हे, ह्याला पिकलेलं फळ म्हणतात. मग डोळे मिटून नाक ग्लासात घातलं. तेवढ्यात ही म्हणाली, ऐका ना, मी काय म्हणते... आणि नेमकी मिरी आली. खरीखुरी, झणझणीत. मी हात वर केला. म्हटलं, थांब, एक मिनिट, मिरी येतेय.
डोळे उघडले तर ती दारात चप्पल घालत होती.
मी म्हटलं, अगं, तुला काही बोलायचं होतं ना? म्हणाली, राहू दे. छान शिकलात.
एकंदरीत संध्याकाळ चांगली गेली. कौतुकही झालं.

३ मार्च, रविवार
सकाळी फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, भावोजी, आता फोन करू नका. ताईने कालच तसं सांगून ठेवलंय.
काही कळेना. दूध आणायला खाली उतरलो. वॉचमन म्हणाला, साहेब, मॅडम कुठे लांब गेल्या का? काल त्यांची मोठी बॅग मीच परत टॅक्सीत चढवली. मी म्हटलं, परत म्हणजे? म्हणाला, येताना आणलीच होती ना. वर पोचवू का विचारलं, तर म्हणाल्या, नको, खालीच असू दे. आधी वर जाऊन विचारते, परत आले तर चालेल का.