माझी शुगर लो होते

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी शुगर मोजायचा सेन्सर बसवला. डाव्या दंडावर, नाण्याएवढा. दुखलं नाही. हे मात्र डोळे मिटून उभे होते. पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत नोकरी आणि सुईला घाबरतात.

उद्देश लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात शुगर काठावर आहे, गोड कमी करा, फिरा. कोणालाही तेच सांगत असतील. मला शुगर वाढण्याचा त्रास नाहीच, कमी होण्याचा आहे. संध्याकाळी पाच वाजले की माझी शुगर लो होते. हात थरथरतात, डोकं भणभणतं, समोर दिसेल त्याचा राग येतो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत गोरसपाक बिस्किटांचा पुडा कायम असतो. त्या वेळी मी जे बोलते ते मी बोलत नसते, शुगर बोलते. तेही सगळ्यांना माहीत आहे. आता मोबाइलवर पुरावा मिळेल.

संक्रांत असल्यामुळे तिळगुळाचा एक लाडू घेतला, मशीन चालतंय का बघायला. दुसरा, मशीन खरं सांगतंय का बघायला. एका प्रयोगावर निष्कर्ष काढू नये.

१५ जानेवारी

पाच वाजता भूक. कडकडून. मोबाइल बघितला, ११२; लो सत्तरच्या खाली धरतात. मशीन मंद आहे. पत्रकातच लिहिलंय की आकडा थोडा मागे असतो. माझी भूक पुढे असते, एवढाच अर्थ. आकड्याची वाट न बघता खाल्लं.

सासूबाई बराच वेळ दंडाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, काऊन वं जया, भूक लागली हे तुले आता मोबाइल सांगते काय? लागली तं खाय, नाई लागली तं नको खाऊ. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला इन्सुलिन कसं समजावणार? मी जुनिअर कॉलेजात गृहविज्ञान शिकवते, पण तिथेही समोरच्याची थोडी तयारी लागतेच.

ह्या बाईंना मापाचं भानच नाही. घरात पाच वाजता आम्ही दोघी. हे साडेसहाच्या गाडीने येतात. तरी चहा तीन कप करतात. जूनपासून हेच चाललंय. तिसरा मलाच संपवावा लागतो. साखर घातलेली असते, टाकवत नाही.

१७ जानेवारी

वर्षाली वरून खाली आली. माझी धाकटी जाऊ. तिला खरीखुरी शुगर आहे, गोळ्या घेते, पहाटे पांढरे बूट घालून आमच्या पिपरी मेघेचे सगळे रस्ते पालथे घालते. चेहऱ्यावर असा भाव, जणू शुगर तिनेच शोधून काढली. म्हणाली, ताई, ग्राफ दाखव न. म्हटलं, ही खासगी माहिती असते. म्हणाली, बरं, पाच वाजता किती होती तेवढं तरी सांग. मी विषय बदलला. असल्या उथळ कुतूहलाला उत्तर देत बसलं तर दिवस पुरणार नाही.

महिला मंडळाच्या मयुरीताई पण आल्या होत्या. रथसप्तमीचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे. मी लगेच सांगून टाकलं, नुसतं हळदीकुंकू नाही, व्याख्यान होईल. विषय : आपली भूक ओळखा. बरोबर पाच वाजता माझी शुगर लो होताना टीव्हीच्या पडद्यावर दाखवीन. मयुरीताई म्हणाल्या, अरे वा, लाइव्ह! वर्षाली म्हणाली, मी पुढेच बसतो मंग.

वाण म्हणून बाकीच्या स्टीलच्या वाट्या देतात. मी मेथीदाण्याची पाकिटं देणार. कोणीतरी समाजाला वळण लावायला हवं.

१८ जानेवारी, रविवार

विजय! दुपारी डाव्या कुशीवर झोपले होते. मोबाइल किंचाळला. ६१!! लाल अक्षरात. वीस वर्षं जे सांगत होते ते लाल अक्षरात. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ह्यांनी शेजारच्या खोलीतून अभिनंदनाचा अंगठा पाठवला आणि मग धावत येऊन गोरसपाकचा पुडा फोडला. चार खाल्ले. उपचार म्हणून.

अपेक्षाचा पुण्याहून मेसेज : आई, दंडावर झोपली होतीस का? सेन्सरवर दाब आला की खोटा कमी आकडा येतो. कॉम्प्युटर शिकायला जाऊन सहा-सात महिने झाले नाहीत, आईला शरीरशास्त्र शिकवते. उत्तर दिलं नाही.

तासाभराने १९८. हे गोरसपाकमुळे नाही. आनंदाने शुगर वाढते.

२० जानेवारी

सकाळी मेथीचं पाणी घेतलं. परिणाम थक्क करणारा. संध्याकाळी भूक लागलीच नाही!

झालं असं की पावणेपाचला अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. खोलीवर वरणफळं करत होती. आधी फोडणी विचारली, मग फळं किती जाड लाटायची ते, मग वरण खाली लागलं ते दाखवलं, मग शेजारच्या खोलीतल्या मुलीचं लग्न कसं मोडलं ते. सासूबाई मागून ओरडत होत्या, अवं पाणी टाक न पोरी, पाह्यत काय राह्यली. फोन ठेवला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. तिसरा कप तसाच गार झालेला. ओतून दिला.

मेथीचा हा गुण व्याख्यानात घेणार.

२१ जानेवारी

मेथीचं पाणी दोनदा घेतलं. पाच वाजता दुप्पट भूक. मेथीत भेसळ असणार.

सासूबाईंनी पुन्हा तीन कप केले. मी जरा बोलले. म्हणजे बरंच बोलले. दोन माणसं मोजता येत नाहीत का, असंही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने गोरसपाकचा डबा समोर सरकवत म्हणाल्या, लो झाली होती न वं?

हो म्हटलं.

नंतर ग्राफ बघितला. त्या वेळी १२१ होती. व्याख्यानात सगळेच ग्राफ दाखवायची गरज नाही. वेळ कमी असतो.

२४ जानेवारी

उद्या व्याख्यान. मागच्या रविवारनंतर आकडा खाली म्हणून आलेला नाही. यंत्र हट्टी आहे, पण मी गृहविज्ञानाची बाई आहे. उद्या दिवसभर कडक उपवास करते. पाचपर्यंत शुगरला खाली येण्यावाचून दुसरा रस्ताच उरणार नाही. हे म्हणाले, पाहा बरं, चक्कर येईन. अज्ञानातून आलेली काळजी.

२५ जानेवारी, रथसप्तमी, सकाळ

उपवास सुरू. धान्याचा कण पोटात नाही. फक्त साबुदाण्याची उसळ.

दुपार

भगर आणि दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस सासूबाईंनी आग्रहाने वाढला. पाहुण्या येण्याआधी एक केळं. बाकी दिवसभर निरंक. आकडा मुद्दामच बघितलेला नाही. पडद्यावर एकदमच बघू.

रात्री

मुद्देसूद लिहिते.

हॉल भरला होता. वर्षाली पुढे. मी भुकेवर बोलले, चांगलं बोलले. खरी भूक आणि खोटी भूक यांतला फरक सांगितला. खोट्या भुकेला बळी पडणाऱ्या बायकांवर थोडा विनोद केला, त्याला हशा आला. पाच वाजले. म्हटलं, बघा, सकाळपासून उपवास आहे, हात थरथरतोय, आता आकडा बघा. ह्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला.

२४३. वर जाणारा बाण.

आणि तो किंचाळायला लागला. टीव्हीच्या स्पीकरमधून. ह्यांना कोणतं बटण दाबायचं ते सापडेना.

मयुरीताई म्हणाल्या, मशीन उलटं तर नाही ना लागलं? कोणीतरी विचारलं, उपवासाले काय खाल्लं ताई? मी सांगितलं. हॉलमध्ये आधी शांतता झाली. मग नाही राहिली. वर्षाली हसली नाही, हेच जास्त लागलं. बाजूला येऊन हळूच म्हणाली, ताई, साबुदाण्याने माझी बी अशीच चढते. उद्यापासून चाल माह्यासंग, सहा वाजता.

हिने मला बोलवावं!

मेथीची पाकिटं सगळ्यांनी नेली.

२६ जानेवारी

वर्षालीने खाली डबा पाठवला. काल मी वाण दिलेल्या मेथीचे लाडू. तूप, गूळ, डिंक. चिठ्ठी नाही, काही नाही. दोन खाल्ले. मेथी शेवटी औषधच आहे. आकडा बघितला नाही.

सहाला दार वाजलं होतं. झोपेचं सोंग घेतलं.

२८ जानेवारी, बुधवार

मोबाइल म्हणतो सेन्सरची मुदत संपली. काढला. दंडावर गोल डाग राहिलाय. हे म्हणाले दुसरा मागवू का. नको म्हटलं. तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे.

पाच वाजले. भूक. बघायला आकडा नाही. हात थरथरतो का म्हणून समोर धरून बघितला. थरथरत नव्हता. अपेक्षाला फोन लावला, क्लासमध्ये आहे, नंतर करते, असा मेसेज आला. बरोबर आहे, बुधवारी या वेळी क्लासच असतो. पूर्वी या वेळी ती दारात सायकल टाकायची, आडवी. उभी कर म्हणून रोज ओरडावं लागायचं.

सासूबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून आज चहा मी केला. म्हटलं एकदा दाखवून द्यावं, माप कशाला म्हणतात. पाणी कपाने मोजून घेतलं, दूध मोजून घेतलं, साखर घातलीच नाही. गाळून ओतला.

तीन कप झाले.

सासूबाईंनी तिन्हींकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील, बोलायचा हक्कच होता. त्यांनी तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली.