ढोलांच्या गोंगाटात

गोडादरा, सुरत
फेब्रुवारी १९९६

योगराज,

यापुढे तुला भाऊ लिहिणार नाही.

तूही इथेच माझ्याबरोबर पॉवरलूमवर होतास. मग इच्छापोरच्या कंपनीत लागलास, त्यांच्या टीमचा गोलकीपर झालास आणि आमच्या टीमला 'बहिऱ्यांची टोळी' म्हणालास. त्या दिवशी मी बूट माळ्यावर फेकले, फुटबॉलचं नावच टाकलं. तुमच्याविरुद्धच्या फायनलच्या सकाळी उज्ज्वलाने ते पुसून समोर ठेवले. म्हणाली, "भावजींची जिरवायला तरी जा."

मॅचआधी तुझ्या साहेबाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, तर तू म्हणालास, "नहीं साहब, नहीं पहचानता."

मग तुमच्या लोकांनी ढोल बडवले. तू गोलमधून बोंबलत होतास आणि तुझ्याच पोरांना ऐकू येत नव्हतं. आम्ही लूमच्या खडखडाटात रोज बोलतो तसे हातांनी, ओठांनी बोलत होतो. आमच्या सुकलालने बोटं हलवली, मी डावीकडे धावलो आणि बॉल तुझ्या पायांमधून आत घातला. बहिरे चॅम्पियन झाले! कालपासून पायातले बूट काढवत नाहीत.

पण शेवटची शिट्टी झाल्यावर खांबाला टेकून तू काय पुटपुटलास? एवढ्या ढोलांत कोण ऐकतंय, असं वाटलं ना? मला ओठ वाचता येतात, विसरलास? "मना भाऊ शे तो," म्हणालास. साहेबापुढे ओळख नाही, आणि खांबापुढे मी तुझा भाऊ!

हे पत्र टाकणार नाही. तू चोरासारखं उत्तर लिहून मोकळा होशील. सुकलालच्या तोंडी एवढाच निरोप धाडतो: सुटीच्या दिवशी गोडादऱ्याला ये. लूम बंद असतात. मोठ्याने बोल.

हेमराज