बोंडूचे डाग

शनिवार, संध्याकाळ

काजूच्या बागेतले कपडे आम्ही इतर कपड्यांत कधीच भिजवत नाही. बोंडूचा, काजूच्या फळाचा, रस आधी दिसत नाही. धुतल्यावर काळा पडतो, तो कायमचा. मुंबईहून आलेल्या जाऊबाईंना हे सांगायचं राहिलं का? छे, कालच सांगितलं. तरी पडवीत वाऱ्यावर टाकलेली माझ्या आईची लग्नातली साडी त्यांनी आज त्याच कपड्यांबरोबर मशीनमध्ये घातली. पदरभर डाग.

"अगं, मला वाटलं तीही बागेतलीच," म्हणाल्या.

हे म्हणाले, "जाऊ दे, साडीच ती."

आईची साडी. बागेतली!

मघाशी दोरीवरचे कपडे काढायला गेले. जाऊबाईंनी स्वतःचे तेवढे वेगळे, हाताने धुतले होते.