भांड्यातलं पाणी

सोमवार, ५ जानेवारी, धारूर
आज वसतिगृहाचा चार्ज घेतला. पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, तरी पोरं हसरी आहेत. घरही छान मिळालं. दोन खोल्या, मागे न्हाणी-संडास, खिडकीतून किल्ल्याचा बुरूज. आष्टीपेक्षा हवा गार. शेजारून पिठलं-भाकरी आली. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवलो. फक्त संडासाचं भांडं तडकलंय. रविवारी बायको, सत्यभामा, येईल, तोवर बदलून घेतो.

६ जानेवारी
गहिनीनाथ मिस्त्री बघून गेला. नवं भांडं गुरुवारी आणतो म्हणाला, पण आधी पाणी काढून कोरडं करून ठेवा, वल्या भांड्याला हात लावत न्हाई. मग मीच बसलो. कॉक बंद केला, एक बादली उंचावरून जोरात ओतली, तसं बरंच पाणी खाली गेलं. उरलेलं मगाने उपसलं. शेवटी जुन्या लुंगीचा लांब तुकडा भांड्याच्या खालच्या वळणात सारून टिपून घेतलं. अर्धा तास गेला. चव्वेचाळीस वर्षांत हे काम स्वतः केलं नव्हतं. कुणाला तरी बोलावलं की व्हायचं. चारदा हात धुतले.

७ जानेवारी
सकाळी भांडं पुन्हा भरलेलं. तेवढंच पाणी. कॉक बंदच आहे. मिस्त्रीला फोन केला. टाकीतून उलटं आलं असतं तर घाण असतं, म्हणाला. हे स्वच्छ आहे. पुन्हा उपसलं. वळणातून दोन बुडबुडे आले. संध्याकाळी पुन्हा भरलेलं.

८ जानेवारी
गहिनीनाथ भांडं घेऊन आला, पाणी बघून चिडला. 'सर, तुमी पाणी काढलंच न्हाई. कावून खोटं बोलता?'
भांडं न बसवताच गेला. त्यानंतर कितीतरी वेळ कान तापलेले होते.
आता लिहूनच टाकतो. जूनमध्ये आष्टीच्या वसतिगृहाच्या संडासाची टाकी भरली. उपसणारी गाडी आठ दिवस मिळेना. मी टाक्या साफ करणाऱ्या सटवाला बोलावलं. तो म्हणाला, 'रामप्रसाद सर, आत वास लई हाय. उद्या बघू.' मी म्हणालो, उद्या तपासणी आहे. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. दोन हिसके दिले की वर ओढा, म्हणाला. मला वास सहन होईना. फोन वाजला, तेवढं निमित्त झालं. दोर खाली ठेवून कुंपणापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा दोर तसाच पडलेला, हलत नव्हता.
पोलिसांना सांगितलं, तो न विचारता उतरला. ते यायच्या आत वरचा दोर कापून कोठीत ठेवला होता. त्याची बायको छबुबाई माझ्या पाया पडली. सरांनी दवाखान्याची गाडी बोलावली म्हणून. मी पाय मागे घेतले नाहीत.

९ जानेवारी
पाणी कोमट आहे. कापड वळणात घातलं. दुसरं टोक कुणीतरी धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं. मग दोन हिसके.
मी सोडलं. दाराला बाहेरून कडी लावली.

१० जानेवारी
संडासाला वसतिगृहातच जातो. तिथंही भांड्यात बघत नाही. छबुबाईला फोन लावला. तिने 'सर' म्हटलं आणि मी —
काही नाही. ठेवला.

११ जानेवारी, दुपार
सत्यभामा आली. कडी का लावली, विचारलं. तुंबलंय म्हणालो. एवढंच ना, म्हणाली, पदर खोचला, कडी काढली, आत गेली. अडवलं नाही. अडवायचं तर सगळं सांगावं लागलं असतं —

हाक मारतेय. 'अहो, इकडं या. हे कापड सुटंना.'
मी वही उघडली.

पुन्हा हाक. 'अहो, या ना. माझा हात —'
पाच पावलं आहेत. दार उघडंच आहे. पाय उचलत नाहीत. लाज वाटते, तरी उचलत नाहीत.

पाण्याचा आवाज. मग काहीच नाही.

आता पुन्हा बोलावतेय. आवाज तिचाच आहे. पण लग्नाला अठरा वर्षं झाली, तिने माझं नाव कधी घेतलं नाही — आणि ही म्हणतेय 'रामप्रसाद सर' —

उठतो. एवढं लिहून झालं की उठ